चार खाचांची नळी

होनकावारा, १४ ऑक्टोबर १९९१

तुझ्या आजोबांच्या रायफलने साऱ्या गावासमोर माझं नाक कापलं. आणि उन्हाळ्यात "ठणठणीत आहे आजी, दहा वर्षं बघायला नको" असं म्हणून ती माझ्या हातात देणारी तूच होतीस. एवढी चार वर्षं बंदुका दुरुस्त करायला शिकलीस, ती काय फक्त पुसायला?

तुइया, बरी आहेस ना? मी बरी आहे. गुडघा आहे तसाच आहे.

झालं ते सांगते, म्हणजे दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून ऐकायला नको. पाच तारखेला शनिवारी आमचा गट दलदलीच्या कडेला बसला होता. मी माझ्या पाइनखाली, शेजारचा ओस्मो माझ्यापासून दीडशे पावलांवर मोठ्या दगडाशी. गटाच्या म्होरक्याचा, आर्मासचा, कुत्रा पलीकडून हाकत आला आणि मूस हरणाची मादी बाहेर पडली, मागे पिल्लू. नियम तुला पाठ आहे: पिल्लू बरोबर असलेल्या आईला हात लावायचा नाही. मारायचं तर पिल्लू. मी मारली, ओस्मोने मारली, एकाच श्वासात. पिल्लू तसंच उभं, आणि आई पोट आवळून पळाली.

दोन दिवस आम्ही तिच्या मागावर होतो. बाकी सगळी शिकार बंद. सोमवारी ती पाण्यात आडवी सापडली, अजून जिवंत. पिल्लू तिच्या बाजूला उभं होतं आणि आम्हाला बघूनही हललं नाही. आर्मासने डोक्यात गोळी घालून तिला सोडवली.

मग आर्मासच्या खोपीत आल्यावर आपल्याकडची रीत. ज्याने ज्याने बार काढला त्याने उभं राहून सांगायचं, माझी गोळी कुठे गेली. ओस्मो उठला आणि म्हणाला, "माझीच असणार. माझा हात हल्ली थरथरतो." मी सांगितलं, माझी पलीकडच्या एका पाइनच्या बुंध्यात गेली, नळी खलास झाली आहे, गोळी जाते तिकडे जाते. सगळ्यांनी मान डोलावली. ओस्मोने आपली नारिंगी टोपी टेबलावर ठेवली आणि चालता झाला. कुणी थांबवलं नाही.

तर रायफल मंगळवारच्या बसने पाठवते आहे. ड्रायव्हरला सांग, पेटी उभी ठेवायची नाही. नवी नळी बसव. चार खाचांची हवी, पाच नको. नाताळच्या आत हवी.

तुझी आजी
लेम्पी


ओउलू, २१ ऑक्टोबर १९९१

प्रिय आजी,

पेटी आडवीच आली, ड्रायव्हर तुला घाबरतो.

ओस्मोकाकांचं वाचून कसंतरी झालं. लहानपणी मी त्यांच्या दगडावर बसून त्यांचीच भाकरी खाल्ली आहे. त्यांनी टोपी ठेवली म्हणजे काय, कायमची?

आता रायफल. तू लिहिलंस म्हणून मी ती नवखी असल्यासारखी तपासली. दोन दिवस गोळ्यांनी नळीत साठलेलं तांबं काढलं, आत दिवा घालून पाहिली, तोंडाची कड नखाने चाचपली. मग दुकानाच्या मालकांबरोबर नेम तपासायला रिकाम्या खाणीत गेले आणि रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवून शंभर मीटरवर पाच गोळ्या मारल्या. पाचही काडेपेटीखाली झाकल्या जातील इतक्या जवळ. मालक म्हणाले, "ही नळी बदलायला आणणाऱ्याला माझ्याकडे पाठव, मी त्याची जुनी विकत घेतो."

म्हणून विचारते, रागावू नकोस. तू शेवटचं डोळ्यांच्या डॉक्टरकडे कधी गेली होतीस?

आणि आणखी एक. नळीच्या आत गोळीला पीळ देणाऱ्या खाचा किती आहेत, हे आमच्याकडचे अर्धे शिकारी कधी बघतही नाहीत. लोक विचारतात, नेम लागेल का, गंज धरेल का, किती दिवसांत मिळेल. खाचा मोजून नळी मागणारं पहिलं गिऱ्हाईक तू. पाचांत काय वाईट आहे? आजोबांनी अडुसष्ट साली मुद्दाम पाचांची मागवून बसवली होती ना?

नळी बदलू नये असं माझं मत आहे. तुझं काय ते कळव.

तुझी तुइया


होनकावारा, २४ ऑक्टोबर १९९१

तुला नळी विचारली, डोळे विचारले नाहीत. डोळ्यांचं मध्ये आणायचं कारण नाही. मला अजून सुईत दोरा ओवता येतो, दिवसाउजेडी.

खाणीत पिशवीवर टेकवून कुणीही मारेल. दलदलीत पाय भिजलेले असताना, पाठीत गार वारा भरलेला असताना मारून दाखव. आणि तुझ्या मालकाला माझी जुनी नळी विकत घ्यायची असेल तर घे म्हणावं, मला ती परत नकोच. वितळवून खिळे केलेस तरी चालेल.

पाचांत वाईट काय म्हणतेस. ओस्मोची चारांची आहे आणि त्याचं कधी काही बिघडलं नाही. तो आणि तुझे आजोबा, दोघांनी एकाच दिवशी एकाच दुकानातून जुळ्या भावंडांसारख्या दोन रायफली आणल्या होत्या. तुझ्या आजोबांना नंतर नवं काही दिसलं की राहवायचं नाही, म्हणून नळी बदलली. मला पहिल्यासारखी हवी. एवढं पुरेसं नाही का? गिऱ्हाईक सांगतं ते करायचं, ही तुमच्या शाळेत शिकवलेली गोष्ट नाही वाटतं.

ओस्मोची टोपी आर्मासच्या खोपीत खिळ्याला लटकते आहे. तो येत नाही. शनिवारी सॉनाच्या वाफेलाही आला नाही. तुझे आजोबा यालमारी गेल्यापासून बारा वर्षं तो दर शनिवारी माझ्याकडे आंघोळीला येतो, लाकडं फोडून देतो, दोन कप कॉफी पितो, आणि हवामानाशिवाय एक अक्षर बोलत नाही. मी सॉना तापवला होता. दगड तसेच गार झाले. त्याच्या धुराड्यातून धूर निघतो, म्हणजे जिवंत आहे.

नळी मागव.

लेम्पी


होनकावारा, २८ ऑक्टोबर १९९१

तुइया पोरी,

मी ओस्मो. तू मला लिहिताना पाहिलं नसशील, कारण मी लिहीत नाही. चुका असतील.

माझी रायफल तुझ्या नावाने बसने पाठवली आहे. विकून टाक. घेणारा चांगला असावा, बाकी काही अट नाही. माझं वय झालं. मी पिल्लावर नेम धरला आणि आईला मारलं. अठ्ठावीस वर्षं मी त्या दगडाशी बसलो, असं कधी झालं नव्हतं. माझ्या डोळ्यांना तर आई बाजूला, वेगळी दिसत होती, पण मग गोळी तिच्या पोटात कशी गेली? तेव्हा डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, असं मी ठरवलं.

काडेपेटीत ती गोळी आहे. आर्मासने कातड्याखालून काढली आणि मला दिली. म्हणाला, तुझी आहे, जवळ ठेव, विसरायचं नाही. मी ती खिडकीत ठेवली होती पण जेवताना दिसते. तू या कामातली आहेस, बघून सांग, गोळी आत शिरून नीट उमलली नाही म्हणून तिला इतका त्रास झाला, की दोष फक्त माझा? दोष माझा असेल तरी सांग, मला चालेल.

लेम्पीवहिनीला यातलं काही कळवू नकोस. सगळ्या गटात ती एकटीच अशी की मला एक शब्द बोलली नाही. बाकी सगळे बोलले. तिला माहीत आहे माझं कसं आहे ते. तिला गटात घेताना बाकीचे कुरकुरत होते, बाई कशाला म्हणून. तेव्हा मी म्हटलं होतं, ती नाही तर मीही नाही. आता ती आहे आणि मी नाही, पण ते बरं झालं. तिची जागा कुणी घेऊ नये.

दोन्ही रायफलींची पेटी एकसारखीच आहे. अदलाबदल करू नकोस.

ओस्मो


ओउलू, ४ नोव्हेंबर १९९१

आजी,

ओस्मोकाकांनी सांगितलं होतं तुला कळवू नकोस. मी त्यांचं ऐकत नाही, हे पहिलं.

त्यांनी रायफल विकायला पाठवली, आणि काडेपेटीत गोळी. समोरून ती फुलासारखी उमलली आहे, पण बूड शाबूत आहे. बुडावर नळीच्या खाचांचे पट्टे उठतात, हे तुला मी नवीन सांगत नाही असं मला आता वाटायला लागलंय.

मी मोजले. मग कॉफी पिऊन आले आणि पुन्हा मोजले. मालकांना काय ते न सांगता मोजायला दिले. पाच.

ओस्मोकाकांच्या नळीत चार खाचा आहेत. तुझ्या नळीत पाच.

तू पहिल्याच पत्रात लिहिलंस, चार खाचांची हवी, पाच नको. तेव्हा मला हसू आलं होतं.

आजी, मी नळी बदलणार नाही. ती चांगली आहे म्हणून नाही. नवी बसवली की जुनी माझ्या टेबलावरून भंगारात जाते, आणि मग ही गोळी जगातल्या कुठल्याच नळीची राहत नाही. मग ती कायमची ओस्मोकाकांची होते. एवढं मी माझ्या हाताने करणार नाही, गिऱ्हाईक तू असलीस तरी.

ओस्मोकाकांना मी काहीही लिहिलेलं नाही. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं काम माझं नाही. त्यांची रायफल मी विकलेली नाही, कपाटात ठेवली आहे.

तुझी रायफल गुरुवारच्या बसने येईल, जुन्या नळीसकट. पेटीत पट्ट्याखाली काडेपेटी आहे.

त्यांचं पत्रही आत ठेवलं आहे. "सगळ्या गटात ती एकटीच" ही ओळ वाच.

तुइया


कार्ड. होनकावारा, ११ नोव्हेंबर १९९१

पेटी मिळाली. आमचा पोस्टमन कार्डं वाचतो म्हणून इथे जास्त लिहीत नाही. (काय रे लाउरी, वाचलंस?) डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्याने विचारलं, गाडी चालवता का, मी म्हटलं नाही. बाकीचं त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तू कामात हुशार आहेस. हे मी गावात कुणाला सांगणार नाही.

लेम्पी


होनकावारा, १८ नोव्हेंबर १९९१

तुइया,

तुझ्या पत्राला मी आठवडाभर शिव्या दिल्या. माझीच नात आणि पोलिसासारखी टेबलावर गोळी ठेवून बोलते. मग शिव्या संपल्या.

मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आर्मासने कातड्याखालून गोळी काढून बादलीत टाकली, मी धुवायच्या निमित्ताने उचलली आणि अंगठ्याने चाचपली. पाच. डोळ्यांना दिसेना, पण अंगठा मोतीबिंदूने बिघडत नाही. तेवढ्यात ओस्मो उभा राहिला आणि म्हणाला माझी असणार. मी तोंड उघडलं होतं गं. खरंच उघडलं होतं. पण शेजारी किम्मो बसला होता, आर्मासचा जावई. आमच्यापैकी कुणाची गोळी हे कळायच्या आधीपासून तो पुटपुटत होता, "बायकांना बंदुका दिल्या की असंच." आणि माझ्या तोंडून बाहेर पडलं ते नळीचं. नाचता येईना म्हणून अंगणाला वाकडं म्हणणाऱ्या बायकांना मी जन्मभर हसले आहे.

मला आधी वाटलं होतं, दोन-चार दिवसांनी ओस्मो विसरेल, टोपी घालून येईल. मग नळी बदलली की उद्या कुणी मोजलं तरी काही निघणार नाही. हेही कळत होतं की ओस्मो मोजणार नाही. तो माझ्यावर संशय घेणारा माणूसच नाही. त्याचं पत्र मी स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं आणि बसायला खुर्ची हाताला लागेना. तो लिहितो, माझ्या डोळ्यांना आई बाजूला, वेगळी दिसत होती. त्याचे डोळे चांगले आहेत गं, आणि त्याने माझ्यामुळे त्यांच्यावरचा विश्वास टाकला.

परवा शनिवारी शेवटचं मांस वाटायचं होतं. तुला आठवतं कसं वाटतात ते. फळ्यांवर सारखे ढीग मांडायचे, एकाने भिंतीकडे तोंड करून पाठ फिरवून उभं राहायचं, आर्मास एकेका ढिगावर सुरा ठेवून विचारतो, "हा कोणाचा?" आणि पाठमोरा माणूस नाव घेतो. कुणाला लबाडी करता येत नाही. पाठमोरं उभं राहायचं काम अठ्ठावीस वर्षं ओस्मोचं होतं, कारण त्याच्याबद्दल कुणाला शंका नव्हती. परवा आर्मास म्हणाला, "लेम्पी, तू उभी राहा." सगळे हो म्हणाले.

मी भिंतीकडे तोंड केलं. नाकासमोर ओस्मोची टोपी लटकत होती.

"हा कोणाचा?"

"ओस्मोचा."

आर्मास म्हणाला, "लेम्पी, ओस्मो गटात नाही. हा कोणाचा?"

"ओस्मोचा."

किम्मो हसला. म्हणाला, "म्हातारीचं डोकं गेलं."

"डोकं नाही, डोळे गेले," मी म्हटलं. "मादीच्या पोटातली गोळी माझी. पाच खाचांची. मला पिल्लू आणि आई वेगळी दिसलीच नाहीत, एक तपकिरी डाग दिसला आणि मी मारली. मला माहीत होतं. ओस्मो उभा राहिला तेव्हाही माहीत होतं. नळी चांगली आहे. काडेपेटी माझ्या डाव्या खिशात आहे, मोजून घ्या."

हे सगळं मी भिंतीला सांगितलं. वळून सांगायला हवं होतं, वळले नाही. कुणीतरी खिशातून काडेपेटी काढून घेतली, हात कुणाचा ते मी पाहिलं नाही. चुलीवर सूप उकळत होतं ते ऐकू येत होतं. मग आर्मासचा आवाज आला, "पाच."

किम्मोने सुरुवात केली, "मी म्हटलं नव्हतं..." आर्मास म्हणाला, "गप. तुझी गोळी दोन वर्षांपूर्वी गाईला लागली होती, तेव्हा तू कुणाची सांगितलीस?" यावर दोघेतिघे हसले, पण मला नाही हसू आलं. माझ्यावर कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं.

मग आर्मासने उरलेल्या ढिगांवर सुरा ठेवला आणि मी नावं घेत गेले. माझं घेतलं नाही. शेवटचा ढीग उरला तेव्हा त्याने विचारलं, "आणि हा?" मी म्हटलं, "कुत्र्याचा." त्यानेही वाद घातला नाही. टोपी मी खिळ्यावरून काढली आणि गटातली माझी जागा मोकळी सोडून आले. रायफल आता बाहेर काढणार नाही. तू येशील तेव्हा ती घेऊन जा. नळी चांगली आहे, तुला पुरेल. डोळे तपासत जा, म्हणजे माझ्यासारखी सुई-दोऱ्याची गोष्ट सांगत बसणार नाहीस.

त्याच्या वाट्याचं मांस बर्फावरच्या घसरगाडीवर घालून मी ओस्मोच्या घरी गेले. दार वाजवलं, खिडकीत पडदा हलला, दार उघडलं नाही. पायरीवर मांस ठेवलं, वर टोपी. सकाळी जाऊन लांबून पाहिलं तर मांस नव्हतं. टोपी होती की नाही ते मला इतक्या लांबून दिसलं नाही, आणि जवळ जायचं धाडस झालं नाही. मांस त्याने नेलं की कोल्ह्याने, देव जाणे.

म्हणजे त्याला कळलं की नाही, तेही मला कळलं नाही. आर्मास म्हणाला मी जाऊन सांगतो. मी म्हटलं, खबरदार.

त्याची रायफल बुधवारच्या बसने पाठव. त्याच्या नावाने पाठव, माझ्या नाही.

आजी


होनकावारा, २० नोव्हेंबर १९९१

ओस्मो,

तुझं घर माझ्यापासून चारशे पावलांवर आहे आणि मी पत्र लिहिते आहे. लाउरीला सांगितलंय, पाकीट उघडलंस तर बोटं मोडेन.

मादीला लागलेली गोळी माझी होती. तू पिल्लावर धरलेला नेम पिल्लावरच होता, फक्त वर गेला. पिल्लू उभं होतं त्याच्या मागे बर्च झाडाच्या बुंध्यात बघ, माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर, तुझी गोळी तिथे असेल. मी रविवारी चाचपून आले. बूड बाहेर आहे, त्यावर चार पट्टे आहेत. मी ती काढली नाही, तू काढ.

मला त्या दिवशीच माहीत होतं. हे पुन्हा वाच, कारण हेच मुख्य आहे. चूक डोळ्यांनी केली, पण पुढचे चाळीस दिवस मी केले. तू तुझ्या नातीसारख्या पोरीला लिहिलंस की लेम्पी एकटीच काही बोलली नाही. मी का बोलले नाही ते आता तुला कळलं. तू मला गटात आणलंस, आणि मी तुला तिथून बाहेर जाऊ दिलं. माफी मागायची पद्धत मला येत नाही, शाळेत मी चौथीपर्यंत गेले आणि तेवढ्यात ती शिकवली नव्हती. पण मागते.

गटाला सगळं सांगितलं आहे. माझी जागा मोकळी आहे, तुझी तुझीच आहे. तुझी रायफल आज बसने येईल, थांब्यावरून घेऊन ये. तुइयाने विकली नाही.

लाकडं माझ्याकडे अजून फोडलेली आहेत, तू ऑक्टोबरच्या आधी फोडून ठेवलेली. शनिवारी सॉना तापवायचा की नाही, एवढंच मला कळव. नाही असेल तर नाही लिही, मी दुसऱ्यांदा विचारणार नाही. पण उत्तर आर्मासकडून पाठवायचं नाही, तुइयाकडून नाही, पडद्याआडून नाही. उत्तर तूच द्यायचं, ओस्मो.

लेम्पी